गॅरेजमधल्या वर्कशॉपला स्प्लिट एसी: वाचकांचे प्रश्न

गॅरेजमध्ये सुतारकाम, वेल्डिंग, दुरुस्ती करणाऱ्या वाचकांनी एसीबद्दल बरंच विचारलं आहे. सारखे प्रश्न एकत्र करून सात इथे घेतले आहेत. सगळी मापं भिंतीवरच्या साध्या स्प्लिट एसीची, म्हणजे एक आउटडोअर आणि एक इनडोअर अशा जोडीची आहेत. तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर पुस्तिकेचाच पाळा.

प्रश्न: गॅरेज ६ मीटर लांब, ४ मीटर रुंद आहे. वर उघडा पत्रा. दीड टन पुरेल की दोन टनाचा घ्यावा?

उत्तर: आधी पत्र्याचं बघा, टनाचं मग ठरवू. १ टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू, अर्थात सुमारे ३.५ किलोवॉट उष्णता बाहेर टाकायची ताकद. भर दुपारी पत्रा ६० अंशांवर गेला आणि आत तुम्हाला २६ अंश हवे असले, तर उघड्या पत्र्यातून दर चौरस मीटरला साधारण २०० वॉट उष्णता खाली उतरते. तुमच्या २४ चौरस मीटरचे झाले ४.८ किलोवॉट. म्हणजे जवळजवळ १.४ टन एकटं छतच खाऊन टाकतं! त्याच पत्र्याखाली ५० मि.मी. जाडीचं रॉकवूल (दगडी लोकर) नीट, फटी न ठेवता बसवलं, तर हा आकडा ०.६ किलोवॉटच्या आसपास येतो. अर्धा टनही मोठा न घेता तुम्ही एक टनाहून जास्त भार कमी केलात.

दुसरा भार यंत्रांचा. मोटर जितकी वीज ओढते ती जवळपास सगळी शेवटी खोलीत उष्णता म्हणूनच उतरते. सतत १ किलोवॉट ओढणारं यंत्र तासाला ३,४०० बीटीयू सोडतं. मात्र सगळ्या यंत्रांची बेरीज करू नका. एका वेळी खरोखर जी चालतात तेवढीच धरा.

तिसरा भार बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, तो डस्ट कलेक्टरचा. भुसा ओढून हवा बाहेर फेकणारा कलेक्टर असेल, तर जितकी थंड हवा बाहेर जाते तितकीच गरम हवा शटरच्या फटींतून आत येते. ताशी १,००० घनमीटर हवा बाहेर जात असेल आणि आत-बाहेर १० अंशांचा फरक असेल, तर ३.३ किलोवॉट, म्हणजे जवळपास एक टन नुसता वाया. बाहेरच्या दमटपणाचा भार याशिवाय. म्हणून बारीक धूळ अडवणारा चांगला फिल्टर लावून हवा आतच परत सोडणारा कलेक्टर घ्या.

छताला रॉकवूल, शटरच्या खाली रबरी पट्टी, बाजूंना ब्रश, आणि एका वेळी एक-दोन यंत्रं, एवढं जमलं तर दीड टनाचा इन्व्हर्टर एसी पुरतो. नुकतीच चालवून आणलेली गाडीही तिथेच उभी करत असाल, तर इंजिन गार होईपर्यंत तिला बाहेर ठेवा. उगाच दोन टनाचा घेऊ नका. गरजेपेक्षा मोठा एसी खोली झटकन गार करून मंदावतो किंवा थांबतो, आणि हवेतला ओलावा मात्र तसाच राहतो.

प्रश्न: रोज करवत आणि रंधा मशीन चालतं. इनडोअर युनिट कुठे लावू? भुशाने ते बिघडेल का?

उत्तर: बिघडेल, आणि कसं ते समजून घेतलंत तर टाळता येईल. इनडोअरची जाळी मोठी धूळ अडवते. सँडिंगची पिठासारखी धूळ तिच्यातून आरपार जाते. आतली कॉइल, म्हणजे हवा गार करणारा नळ्या-पत्र्यांचा भाग, चालू असताना ओली असते. तिच्या पातळ, ओल्या पत्र्यांवर ही धूळ बसली की लगदा होतो. काही लगदा पाण्याबरोबर ट्रेमध्ये उतरतो आणि ड्रेनचं, म्हणजे पाणी बाहेर नेणाऱ्या पाइपाचं, तोंड बुजवतो, उरलेला कॉइलवरच सुकून पापुद्रा धरतो. ब्लोअरच्या (आतल्या पंख्याच्या) पात्यांच्या खोलगट बाजूलाही धुळीचा थर चढतो, मग हवा कमी फेकली जाते. हवा कमी झाली की कॉइल जास्त थंड होते आणि तिच्यावर बर्फ धरतो. "गॅस कमी झालाय" असं समजून इथे गॅस भरला जातो, खरं दुखणं धुळीचं असतं.

तेव्हा युनिट करवतीच्या आणि सँडिंगच्या जागेपासून सगळ्यात लांबच्या भिंतीवर, धूळ उडते त्या रेषेबाहेर लावा. वर १५ सें.मी., दोन्ही बाजूंना १२ सें.मी. मोकळं ठेवा. झोताचं तोंड कामाच्या टेबलावर धरू नका, बारीक धूळ परत हवेत उडते. जाळी खोलीच्या एसीसारखी महिन्याने नाही, काम जोरात असताना दर आठवड्याला धुवा.

जाळीवर जाड फोमचा किंवा कापडाचा जादा फिल्टर चिकटवायचा मोह होतो. करू नका. ब्लोअर तेवढा अडथळा ओढण्यासाठी बनवलेला नसतो, आणि हवा अडली की वर सांगितलेला बर्फच हाती येतो. धूळ जिथे उडते तिथेच ओढा. छताला टांगायचा हवा गाळणारा फिल्टर हाही चांगला जोड आहे. कॉइल साफ करताना एअर कॉम्प्रेसरची जोरदार हवा मारू नका, पत्र्या कागदासारख्या दुमडतात. मऊ ब्रश पत्र्यांच्या उभ्या दिशेने फिरवा आणि हलक्या दाबाच्या पाण्याने धुवा.

ग्राइंडिंग करणाऱ्यांनी जास्त जपावं. लोखंडाचा बारीक चुरा ओल्या कॉइलवर गंजतो, आणि इलेक्ट्रॉनिक कार्डावर बसला तर शॉर्ट करू शकतो. आउटडोअरचंही तसंच: कलेक्टरचा किंवा एक्झॉस्टचा झोत त्याच्या जाळीवर येता कामा नये.

प्रश्न: बसवणारा म्हणतो व्हॅक्यूम पंप लागत नाही, आउटडोअरमधला थोडा गॅस सोडला की पाइपातली हवा निघून जाते. बरोबर आहे का?

उत्तर: नाही. या एका बाबतीत अजिबात तडजोड करू नका. गॅसच्या फुंकरीने बरीचशी हवा निघते, पण काही राहते, आणि पाइपाच्या भिंतीला धरलेला ओलावा तर तसाच राहतो. राहिलेली हवा आउटडोअरच्या कॉइलमध्ये अडकून दाब चढवते. ओलावा एसीच्या कॉम्प्रेसरमधल्या तेलाशी मिळून आम्ल तयार करतो आणि ते मोटरच्या वाइंडिंगला खातं. एसी पहिले दोन-तीन हंगाम छान चालतो, म्हणून चूक कोणाच्या ध्यानात येत नाही. शिवाय आर-३२ हा एसीतला गॅस पेटू शकणारा वायू आहे, तो बंद खोलीत सोडणं धोक्याचं.

बरोबर पद्धत अशी. तांब्याचा पाइप हॅक्सॉने नाही, पाइप कटरने कापा, दर फेऱ्याला थोडं थोडं घट्ट करत. आतली कोर रीमरने काढताना पाइपाचं तोंड खाली धरा, म्हणजे तांब्याचा कीस आत न जाता जमिनीवर पडतो. मग फ्लेअर नट आधी पाइपात घाला (विसरलं की फ्लेअर पुन्हा कापावा लागतो) आणि पाइपाचं तोंड कर्ण्यासारखं पसरवून ४५ अंशांचा फ्लेअर करा. झालेला फ्लेअर उजेडात फिरवून बघा. आतला उतार आरशासारखा चकचकीत, काठ सगळीकडून सारखा रुंद हवा. काठावर केसाएवढी चीर दिसली, एक बाजू जाड-पातळ दिसली किंवा उतारावर ओरखडा असला, तर कापून नवा करा. अशा फ्लेअरवर नट कितीही आवळला तरी गळती थांबत नाही, उलट चीर वाढते.

फ्लेअरवर एसीच्या कॉम्प्रेसर तेलाचा एखादा थेंब लावा. नट आधी हातानेच चार-पाच फेरे सरळ बसू द्या, मग दोन पाने लावा: एकाने सांधा धरायचा, दुसऱ्या टॉर्क पान्याने नट आवळायचा. दोन सुती (पाव इंच) नटाला १४ ते १८ न्यूटन-मीटर, तीन सुतीला ३३ ते ४२, चार सुतीला ५० ते ६२. अंदाजाने आवळणारा हात लहान नटावर हमखास जास्त जोर लावतो आणि फ्लेअर चिरडतो.

मग रेग्युलेटर लावून कोरडा नायट्रोजन टप्प्याटप्प्याने भरा, पुस्तिकेत दिलेल्या चाचणी-दाबापर्यंत. प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावा, दाब टिकतो का बघा. वर्कशॉपमध्ये ऑक्सिजनचं सिलिंडर हाताशी असतं म्हणून मुद्दाम लिहितो: ऑक्सिजन कधीही वापरायचा नाही. तेलाशी दाबाखालचा ऑक्सिजन आला की स्फोट होतो. साधी एअर कॉम्प्रेसरची हवाही नको, तिच्यात ओलावा असतो.

नायट्रोजन बाहेर सोडून द्या आणि मग व्हॅक्यूम पंप लावा. साधा गेज इथे पुरत नाही. त्याचा काटा तळाला टेकला तरी पाइपात ओलावा असू शकतो. पाइपात उरलेला अगदी बारीक दाब मोजणारा मायक्रॉन गेज हवा. ५०० मायक्रॉनच्या खाली गेलं की पंपाचा व्हॉल्व्ह बंद करून १० ते १५ मिनिटं थांबा. आकडा थोडा चढून एका जागी थबकला तर आत ओलावा आहे, पंप आणखी चालवा. थांबायचं नावच न घेता चढत राहिला तर गळती आहे, सांधे परत तपासा. आकडा टिकला की मगच आउटडोअरचे दोन्ही व्हॉल्व्ह षट्कोनी चावीने पूर्ण उघडा आणि वरच्या टोप्या घट्ट बसवा. टोपी ही नुसती झाकण नाही, तीही गळती अडवते.

पाइप ३ मीटरपेक्षा आखूड ठेवला तर आवाज आणि थरथर वाढते. कारखान्यात भरलेला गॅस किती लांबीला पुरतो ते पाटीवर किंवा पुस्तिकेत असतं; त्यापुढच्या दर मीटरला किती ग्रॅम घालायचा तेही असतं. तो वजनकाट्यावर मोजूनच घाला. दोन्ही पाइपांना वेगवेगळं इन्सुलेशन हवं. गॅस पसरवणारा व्हॉल्व्ह किंवा कॅपिलरी (केसासारखी बारीक नळी) आउटडोअरमध्येच असल्याने बारीक पाइपही थंड असतो, आणि उघडा राहिला तर ठिबकतो. बाहेरची टेप खालून वर गुंडाळत न्या, म्हणजे वरचा पदर खालच्यावर येतो आणि पावसाचं पाणी आत शिरत नाही.

प्रश्न: बसवून आठवडा झाला, इनडोअरमधून पाणी भिंतीवर ओघळतं.

उत्तर: एवढ्या लवकर म्हणजे बहुतेक उताराचा दोष. ड्रेन पाइपाला दर मीटरला किमान १ सें.मी. उतार हवा, मध्ये कुठेही पोट आलेलं नको. भिंतीतलं ६५ मि.मी.चं भोक बाहेरच्या बाजूला ५ ते ७ मि.मी. खाली झुकलेलं असावं. ड्रेन तांब्याच्या पाइपांच्या खाली बांधायचा, वर नाही. टोक बादलीत किंवा साचलेल्या पाण्यात बुडवू नका, आतली हवा कोंडते आणि पाणी उतरत नाही. युनिट लेव्हलला आहे का तेही बघा. मग ट्रेमध्ये अर्धा लिटर पाणी ओता, बाहेर सलग धार आली पाहिजे.

प्रश्न: गॅरेजमध्ये आहे त्याच लाइनवर एसी घेतला तर चालेल का? त्यावर वेल्डिंग मशीन आणि एअर कॉम्प्रेसर आहेत.

उत्तर: चालणार नाही. वेल्डिंगचा आर्क पेटताना किंवा कॉम्प्रेसर सुरू होताना व्होल्टेज खाली बसतं, आणि इन्व्हर्टरचं कार्ड अशा झटक्यांनी एरर देऊन थांबतं. मुख्य बोर्डापासून एसीसाठी स्वतंत्र वायर आणा, स्वतंत्र एमसीबी, ३० मिलिअँपिअरचं वीजगळती-संरक्षण आणि भक्कम अर्थिंग द्या. बोर्ड लांब असेल तर वायरची जाडी बघा. २.५ चौरस मि.मी. तांब्याच्या वायरवर ३० मीटर अंतराला १० अँपिअर ओढले की साधारण ४.४ व्होल्ट पडतात, ४ चौरस मि.मी.वर २.८. ४ ची घ्या. आउटडोअरजवळ आयसोलेटर (वीज पूर्ण तोडणारा स्विच) ठेवा. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

प्रश्न: मी लॅकर फवारतो, कधी वेल्डिंगही करतो. आर-३२ ची भीती बाळगावी का?

उत्तर: भीती थिनरची जास्त बाळगा. आर-३२ पेटायला हवेत त्याचं प्रमाण सुमारे १४ टक्के व्हावं लागतं. थिनरमधल्या टोल्युइनची वाफ सव्वा टक्क्याच्या आतच पेट घेऊ शकते. आणि स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आणत नाही, खोलीतलीच हवा फिरवत राहतो. फवारणीच्या वेळी एसी बंद, शटर उघडं, मोटर हवेच्या वाटेत नसलेला स्फोटरोधक एक्झॉस्ट चालू. वास पूर्ण गेल्यावरच एसी. वेल्डिंगच्या धुरालाही हेच लागू.

तरी आर-३२ हलका घेऊ नका. तो हवेपेक्षा जड आहे, जमिनीलगत साचतो, आणि ज्वाळेत सापडला की हायड्रोजन फ्लोराइड हा विषारी वायू तयार होतो. गॅस भरलेल्या पाइपाजवळ ज्वाळेचा टॉर्च लावू नका.

आणखी एक, संथ नुकसान. प्लायवूड, एमडीएफ (लाकडाचा चुरा दाबून केलेला बोर्ड), गोंद आणि आंबट वासाचं सिलिकॉन यांतून फॉर्मिक व अॅसिटिक आम्लाच्या वाफा निघतात. त्या ओल्या कॉइलच्या तांब्यात मुंग्यांच्या वारुळासारखी बारीक, वाकडी भोकं पाडतात. डोळ्यांना दिसत नाहीत, गॅस मात्र महिन्यागणिक कमी होतो. असे साठे हवेशीर ठेवा, आणि कॉइल निवडताना संरक्षक थर असलेली घ्या.

प्रश्न: एसी लावल्यापासून करवतीच्या बिडाच्या टेबलावर उलट जास्त गंज चढतो. असं का?

उत्तर: एसी चालू असताना हवा कोरडी असते, तेव्हा गंज नाही चढत. चढतो तो काम संपल्यावर. तुम्ही एसी बंद करून शटर उघडता तेव्हा बिडाचं जड टेबल अजून २४ अंशांवर असतं. बाहेरची हवा ३२ अंश आणि ७० टक्के दमट असली तर तिचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं तो) सुमारे २६ अंश, म्हणजे टेबलापेक्षा वर. गार पाण्याने भरलेल्या तांब्याला जसा बाहेरून पाझर फुटतो तसं टेबलावर दव धरतं. दिवा तिरका धरून बघा, धुकट पापुद्रा दिसेल. उपाय साधा आहे: शटर बंद ठेवूनच एसी बंद करा, टेबल खोलीबरोबर सावकाश गरम होऊ द्या, तासाभराने उघडा. लगेच उघडावंच लागत असेल तर आधी टेबलावर पेस्ट वॅक्सचा पातळ हात फिरवा आणि जाड कापड नीट लपेटून ठेवा. सैल टाकलेल्या कापडाखालून दमट हवा शिरतेच.