जुना पॉवर सप्लाय घेताना मागची पाटी आधी वाचा

प्रश्न : लॅमिंग्टन रोडला ३० व्होल्ट, ३ अँपिअरचा जपानी बेंच सप्लाय (टेबलावर ठेवून प्रयोगांना डीसी देणारा) स्वस्तात मिळतोय. मागे ‘१०० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ लिहिलंय. दुकानदार म्हणतो, प्लग बदला, चालेल. चालेल का? (परळ)

नाही. प्लग बदलून व्होल्टेज बदलत नाही. १०० व्होल्टच्या वाइंडिंगला आपले २३० दिले, की ट्रान्सफॉर्मरचा कोअर सॅच्युरेट होतो (त्यात आणखी चुंबकत्व मावत नाही) आणि प्रायमरी, म्हणजे मेन्सकडची वाइंडिंग, भरमसाट करंट ओढते. नशीब असेल तर फ्यूज जातो. आधीच्या मालकाने फ्यूजच्या जागी तार बांधलेली असेल (असे नमुने बाजारात भरपूर), तर वाइंडिंग जळतं.

स्टेप-डाउन (व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) लावता येतो, पण १०० व्होल्टचाच मागा. सहज मिळतो तो ११०चा, आणि लाइन २४०वर गेली की त्याचे ११५ होतात. आउटपुट ९० वॅटचं असलं तरी लिनियर सप्लाय (जड ट्रान्सफॉर्मरवाला, जुन्या पद्धतीचा) त्याच्या दुपटीहून जास्त ओढू शकतो, म्हणून ५०० व्हीएचा घ्या. त्याची किंमत धरून सौदा अजून स्वस्त वाटतोय का, बघा. दोन पिनांच्या जपानी प्लगजवळ हिरवी तार लोंबत असते. ती अर्थिंगची, कापू नका.

प्रश्न : माझ्या सप्लायला मागे ११५/२३०चा स्विच आहे. सरकवला की झालं? (मुलुंड)

आधी फ्यूज बघा. लिनियर सप्लायमध्ये दोन प्रायमरी वाइंडिंग असतात : ११५ला समांतर, २३०ला एकसर. २३०ला करंट निम्मा होतो, म्हणून ४ अँपिअरच्या जागी २ अँपिअरचा स्लो-ब्लो (सुरुवातीचा झटका सोसणारा) फ्यूज लागतो. जुनाच ठेवला तर सप्लाय चालेल, पण फ्यूज वेळेवर उडणार नाही.

स्विच खरंच बदलला का, हे मीटरने कळतं. कॉर्ड बोर्डातून काढा, पॉवर स्विच चालू ठेवा आणि फेज-न्यूट्रल पिनांमध्ये ओहम मोजा. ११५वर ३ ओहम असतील तर २३०वर साधारण १२, म्हणजे चौपट यायला हवेत. आकडा हलला नाही, तर आतला जंपर किंवा स्विचचा संपर्क तपासा.

एसएमपीएसला (स्विचिंग पद्धतीच्या हलक्या सप्लायला) ही युक्ती लागू नाही. तिथे ११५वर व्होल्टेज डबलर (व्होल्टेज दुप्पट करणारं सर्किट) असतो. चुकून तसाच २३०ला लावला तर सुमारे ६५० व्होल्ट डीसी तयार होऊ पाहतो, आणि २०० व्होल्टचे दोन कपॅसिटर एकामागून एक फुटतात.

प्रश्न : दुकानातच तपासायचं कसं? (डोंबिवली)

सिरीज लॅम्पवर, म्हणजे सप्लायशी एकसर जोडलेल्या बल्बवर. फेजमध्ये १०० वॅटचा तारेचा बल्ब, एलईडी नव्हे. लिनियर सप्लाय लोडशिवाय चालू केल्यावर बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. उजळलेलाच राहिला तर मागचा व्होल्टेजचा स्विच चुकीच्या जागी आहे किंवा आत शॉर्ट आहे. मग लॅम्प काढून १२ व्होल्टवर गाडीच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावा. तो सुमारे पावणेदोन अँपिअर घेतो. दहा मिनिटांत आउटपुट ढळलं किंवा वार्निशचा वास आला, तर सोडून द्या.

प्रश्न : अमेरिकन कॉर्डचा प्लग कापून आपला लावू का? (विलेपार्ले)

कॉर्ड सुटी निघत असेल तर सरळ आपली तीन पिनांची घ्या. अमेरिकन कॉर्ड सहसा १२५ व्होल्टचीच असते. पक्की जोडलेली असेल तर आपल्या रेटिंगची नवी बसवून घ्या. जुन्या तारांचे रंग मात्र ध्यानात ठेवा : तिकडे काळी फेज, पांढरी न्यूट्रल, हिरवी अर्थ. आपल्या जुन्या सवयीने काळीला न्यूट्रल समजलात, तर फ्यूज आणि स्विच न्यूट्रलवर येतात आणि बंद सप्लायच्या आतही फेज राहतो.