स्ट्राउस आणि इराक युद्ध : गुरु-शिष्यांची साखळी जोडण्याआधी

तुमचा प्रश्न वाचला आणि माझा २००८ सालचा संशोधन आराखडा डोळ्यांसमोर आला. तुम्ही लिहिलंय की लिओ स्ट्राउस, त्यांचे शिष्य अ‍ॅलन ब्लूम, ब्लूमचे विद्यार्थी पॉल वुल्फोवित्झ (युद्धाच्या वेळचे अमेरिकी उपसंरक्षणमंत्री) आणि तिथून २००३ चं इराक युद्ध, ही साखळी स्पष्ट असूनही गाईड 'पुरावा कमी आहे' म्हणतात. गाईडचं बरोबर आहे. मी हीच साखळी पहिल्याच प्रकरणात बाण काढून दिली होती.

स्ट्राउस म्हणजे शिकागोत शिकवणारे जर्मन-अमेरिकी राजकीय तत्त्वज्ञ, आणि निओकॉन म्हणजे अमेरिकी बळ वापरून जगात लोकशाही पसरवावी म्हणणारा गट. एवढं इथे पुरे.

आधी वुल्फोवित्झ. कॉर्नेलला ब्लूम भेटले हे खरं, शिकागोत त्यांनी स्ट्राउसचे दोन कोर्स केले हेही खरं. एक प्लेटोच्या 'लॉज' या ग्रंथावर, दुसरा फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यूवर. पण १९७२ ची पीएच.डी. त्यांनी केली आल्बर्ट वोलस्टेटर यांच्याकडे, आणि ती मध्यपूर्वेतल्या अण्वस्त्रप्रसाराबद्दल आहे. वोलस्टेटर हे रँड कॉर्पोरेशन या संशोधनसंस्थेत नाव कमावलेले, अण्वस्त्रांच्या रणनीतीवर आयुष्य घालवलेले गृहस्थ. बाण काढायचाच असेल तर आधी तिथून निघतो. २००३ च्या उन्हाळ्यात वर्तमानपत्रांनी स्ट्राउसवर रकानेच्या रकाने भरले, त्यात वोलस्टेटर मागे पडले. मी ती कात्रणंच पुरावा म्हणून धरली.

त्यातूनच माझी मोठी चूक झाली, आणि ती तुमच्याकडून होऊ नये म्हणून एवढं लिहितेय. 'राज्यकर्त्यांनी जनतेच्या भल्यासाठी खोटं बोलावं' असं एक वाक्य मी स्ट्राउसच्या नावावर अवतरणचिन्हांत टाकलं. पुस्तक दिलं होतं १९६४ चं 'द सिटी अँड मॅन'. मूळ पुस्तक मी उघडलंच नव्हतं, वाक्य एका लेखातून उचललेलं. सादरीकरणाच्या दिवशी बाहेरून आलेल्या तज्ज्ञ बाईंनी पिशवीतून तेच पुस्तक काढलं, माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाल्या, "वाचून दाखवा." पंधरा मिनिटं मी पानं उलटत होते. तिथे प्लेटोच्या 'रिपब्लिक'चं विवरण आहे. माणसांच्या अंगात सोनं, चांदी, लोखंड मिसळलेलं असतं ही सॉक्रेटिसची कथा शहराला का लागते, ते स्ट्राउस उलगडतात. माझं वाक्य त्यात कुठेच नव्हतं. उलट त्याच पुस्तकाच्या प्रस्तावनेत ते म्हणतात की नजीकच्या काळात तरी राजकीय समाज हा मर्यादित, विशिष्ट समाजच राहणार आणि त्याचं सर्वांत निकडीचं काम स्वतःला टिकवणं हे असणार. जगभर लोकशाही पेरायला निघालेल्या माणसाचं हे बोलणं नव्हे.

त्यानंतर मला प्रबंधाच्या शीर्षकातून 'स्ट्राउस यांचा प्रभाव' काढून तिथे 'स्ट्राउसच्या अनुयायांची भूमिका' असं हवं होतं. फक्त दोन-तीन शब्दांचा बदल. आमच्या विद्यापीठाच्या संबंधित विभागानं त्याला चौदा महिने लावले. अर्जावर आवक शिक्का मारून दिला, पुढे दर खेपेला 'फाईल वर गेलीय' एवढंच उत्तर. एकदा सांगितलं, शब्द बदलला की विषय बदलला, नव्यानं नोंदणी करा. पुढच्या वेळी म्हणाले, समितीची बैठकच झालेली नाही. तेवढ्यात माझी फेलोशिप संपली. आजही तो हिरव्या दोरीनं बांधलेला गठ्ठा आठवला की संताप येतो. सगळीकडे असंच असेल असं नाही, पण अर्जाची पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका, आणि शीर्षक पहिल्यापासूनच जरा सैल ठेवा.

आता माझ्या मते खरा धागा कुठे आहे ते. अब्राम शुल्स्की आणि गॅरी श्मिट यांचा १९९९ चा निबंध शोधा, स्ट्राउस आणि गुप्तवार्ता हाच त्याचा विषय आहे. सीआयएचे विश्लेषक शेर्मन केंट यांनी घडवलेली अमेरिकी गुप्तवार्ता-विश्लेषणाची पद्धत सगळ्या सरकारांना एकाच समाजशास्त्रीय मापानं मोजते, राजवटीचा स्वभाव आणि फसवणूक हिशेबात धरत नाही, अशी या दोघांची तक्रार. 'राजवट' हा शब्द इथे कळीचा. ग्रीक 'पोलितेइया'चा स्ट्राउस जो अर्थ लावतात त्यात राजवट म्हणजे नुसतं सरकार नाही, त्या समाजाची अख्खी जगण्याची रीत. हे मानलं की हुकूमशहाशी करार करून भागत नाही, राजवटच बदलावी लागते, या निष्कर्षापर्यंत शिष्य सहज पोचतात. गुरू तिथवर गेले असते असं मला वाटत नाही. याच शुल्स्कींनी पुढे पेंटागॉनमधल्या, इराकचं काम बघणाऱ्या 'ऑफिस ऑफ स्पेशल प्लॅन्स'चं काम सांभाळलं आणि श्मिट 'प्रोजेक्ट फॉर द न्यू अमेरिकन सेंच्युरी' या निओकॉन विचारगटाचे कार्यकारी संचालक होते. विचार आणि तो अमलात आणायचं टेबल दोन्ही एकाच माणसापाशी सापडतात ती ही जागा.

तरी 'यामुळेच युद्ध झालं' असं लिहू नका. तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष चेनी, संरक्षणमंत्री रम्सफेल्ड हे काही स्ट्राउसचे शिष्य नव्हते. सद्दामची राजवट हटवण्याला पाठिंबा देणाऱ्या कायद्यावर ऑक्टोबर १९९८ मध्ये सही केली ती तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी.

आणि अनुयायी म्हणजे एक फौज नव्हे. ब्लूमचे विद्यार्थी फ्रान्सिस फुकुयामा यांनी सद्दामला हटवा म्हणणाऱ्या १९९८ च्या पत्रावर सही केली, पण पुढे याच युद्धावर कडक टीका केली. स्ट्राउसचे शिष्य हॅरी जाफा यांच्या (कॅलिफोर्नियातल्या) क्लेअरमाँट परंपरेतले मायकेल अँटन २०१६ मध्ये टोपणनावानं ट्रम्पच्या बाजूनं उभे राहिले, स्थलांतर, व्यापार आणि युद्ध या तिन्हींवर ट्रम्प योग्य बोलतात म्हणून. हार्वर्डला स्ट्राउसपंथी हार्वे मॅन्सफिल्ड यांच्याकडे शिकलेले निओकॉन संपादक विल्यम क्रिस्टल त्याच वर्षी ट्रम्पविरोधात. तुम्ही २००३ वरच थांबलात तर हे सगळं निसटेल. मीही २००३ वरच थांबले होते.

कटकारस्थानांच्या गोष्टी पसरवणाऱ्या लारूश गटाच्या २००३ च्या पत्रकांपासून मात्र लांब राहा, त्यांतला मजकूर पुढे पुष्कळ ठिकाणी झिरपलाय.

स्ट्राउसच्या वर्गांची ध्वनिमुद्रणं आणि लिप्यंतरं शिकागो विद्यापीठाच्या लिओ स्ट्राउस सेंटरनं मोफत ठेवली आहेत, ग्रंथालयाच्या भरवशावर बसू नका. मी तत्त्वज्ञानाची नाही, राज्यशास्त्राची, त्यामुळे प्लेटोबद्दल कुणी जाणकारानं दुरुस्ती केली तर ती माझ्यापेक्षा वरची माना. शुल्स्की-श्मिट निबंधावरची माझी हस्तलिखित टिपणं आहेत. हवी असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, फोटो काढून पाठवते.