बहुतेक खरेदी अजून दुकानातच होते, मग ऑनलाइनमुळे दुकानं बंद का पडतात?

मी नऊ वर्षं चपला-बुटांच्या दुकानात काउंटरवर आहे, त्यामुळे काउंटरच्या आतल्या बाजूने जे दिसतं ते सांगतो.

तुमचं निरीक्षण बरोबर आहे. ऑनलाइन खरेदी इतकी रुळलेल्या अमेरिकेतसुद्धा २०२४ साली किरकोळ विक्रीत तिचा वाटा साधारण १६ टक्केच होता. पण दुकानाला घरघर लागायला तेवढं पुरतं. समजा शंभराचा माल विकला. त्यातले बासष्ट-पासष्ट माल आणण्यातच जातात. भाडं, पगार, वीज, व्याज यांत तीसेक जातात. मालकाच्या हाती राहतात पाच-सहा. आता त्या शंभरातली पंधराची विक्री गेली, तर तिच्यावर सुटणारे पाच-साडेपाचही गेले. भाडं मात्र तेवढंच, दिवेही तेवढेच. म्हणजे गर्दी बऱ्यापैकी दिसते आणि नफा जवळजवळ संपलेला असतो.

अशा वेळी मालक आधी काय कमी करतो? माणसं. भाड्याचा करार मध्येच मोडता येत नाही, माणसाला मात्र महिनाअखेरीस सांगता येतं. खरं नुकसान इथून सुरू होतं, असं माझं ठाम मत आहे.

एकदा एक मुलगा वडिलांना घेऊन आला. त्यांना मधुमेह होता, पायाला सूज होती. उजवा पाय डाव्यापेक्षा मोठा होता (बऱ्याच जणांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा थोडा मोठा असतो, मोठ्या पायाच्या मापाने बूट घ्यावा). मी खाली बसून दोन्ही पायांचं माप घेतलं. अकरा खोके उघडले, चालून बघायला लावलं, अंगठ्यापुढे जागा राहते का ते दाबून पाहिलं. बाराव्या खोक्यातला जोड बरोबर बसला. मुलाने खोक्यावरच्या लेबलचा फोटो काढला, ‘विचार करून सांगतो’ म्हणाला आणि दोघे गेले. मला त्यांचा राग नाही आला, स्वस्त मिळत असेल तर कोण नाही घेणार? पण त्या पाऊण तासाचं बिल कुठेच फाटलं नाही, आणि दुकान चालतं ते अशाच पाऊण तासांवर. ते जाणणारा माणूस काढला की उरतात नुसते खोके, आणि खोके तर घरपोचही येतात.

सगळं खापर ऑनलाइनवर फोडणंही बरोबर नाही. टॉइज आर अस ही खेळण्यांची मोठी साखळी २०१७ मध्ये दिवाळखोरीत गेली, तेव्हा तिच्या डोक्यावर प्रचंड कर्ज होतं; २००५ मध्ये गुंतवणूकदारांनी कर्ज काढून ती कंपनीच विकत घेतली, त्यातून ते आलेलं. व्याज फेडता फेडता दुकानं सुधारायला पैसाच उरत नव्हता.

उलट उदाहरण बार्न्स अँड नोबल या पुस्तकांच्या साखळीचं. २०१९ मध्ये जेम्स डाँट प्रमुख झाले आणि कुठली पुस्तकं ठेवायची, कशी मांडायची हे त्यांनी त्या त्या दुकानातल्या लोकांवर सोपवलं. पुढे साखळी पुन्हा नवी दुकानं उघडू लागली. ॲमेझॉनने २०१५ पासून स्वतःची पुस्तकांची दुकानं काढली होती, ती बंद करत असल्याचं २०२२ मध्ये जाहीर केलं. पुस्तक म्हणजे तर खोक्यात बंद करून पाठवायला सगळ्यात सोपी वस्तू, तरीही हे झालं. मला यातून मोठा धीर येतो.

आमच्या मालकांनी आधी दोन माणसं कमी केली आणि वर्षभराने करार संपल्यावर अर्धी जागा सोडली. आहे त्या माणसांनिशी कसंबसं ते वर्ष काढायला हवं होतं, असं ते आता स्वतःच म्हणतात. गेलेल्यांपैकी एक जण नुसता पाय बघून साइज सांगायचा, सहसा चुकायचा नाही. भाडं निम्मं झाल्यावर त्याला परत बोलावलं होतं, पण तोवर त्याने दुसरं काम धरलं होतं.