आधी काम, मग साधन

प्रिय मित्रा,

परवा तू स्क्रीन शेअर केलीस तेव्हा सर्वेक्षणाचा तक्ता सापडायला बराच वेळ गेला. आधी एक्सेल उघडलंस, मग अलीकडच्या फाईलींची यादी चाळलीस, मग डाउनलोड्स, शेवटी मेल. मी तेव्हा काही बोललो नाही, पण हे पत्र तेव्हापासून मनात आहे. तू विसराळू नाहीस. तुझा डेस्कटॉप साधनांप्रमाणे लावलेला आहे आणि तुझं डोकं कामांप्रमाणे चालतं, एवढंच.

सकाळी बसताना "आज वर्ड वापरू" असं कुणाच्या मनात येत नाही. "अहवालाचं तिसरं प्रकरण संपवू" असं येतं. त्या प्रकरणाला मजकूर हवा, तक्ता हवा, दोन पीडीएफ, एक मेल, पाच-सहा टॅब. हे सगळं रोज नव्याने गोळा करण्यात तुझी उमेद खर्च होते, याचं मला वाईट वाटतं.

हा प्रश्न जुना आहे. १९८१च्या झेरॉक्स स्टार या संगणकावर आधी प्रोग्रॅम आणि मग फाईल असा क्रमच नव्हता. माणूस थेट आपला दस्तऐवज उघडत असे. पण मला सर्वांत मोलाचं वाटतं ते १९८६ मधलं काम. झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात ऑस्टिन हेंडरसन आणि स्टुअर्ट कार्ड यांनी 'रूम्स' नावाची रचना मांडली. एका कामाला ठरावीक विंडो घोळक्याने लागतात, हे त्यांनी हेरलं होतं. म्हणून प्रत्येक कामाला एक खोली. दुसऱ्या खोलीत जाऊन परत आलं की पहिलीतला पसारा जसाच्या तसा. शिवाय एकच विंडो दोन खोल्यांत ठेवता येई. घड्याळ काही एकाच कामाचं नसतं, हे त्यांना कळलं होतं. आजचे व्हर्च्युअल डेस्कटॉप, म्हणजे एकाच पडद्यावर आलटूनपालटून उघडता येणारे वेगवेगळे डेस्कटॉप, याच घराण्यातले.

तू मात्र सुरुवात फोल्डरपासून कर. एका प्रोजेक्टला एक फोल्डर, आणि त्यात त्या कामाचं सगळं, महत्त्वाचे मेलसुद्धा पीडीएफ करून. 'वर्ड फाईली', 'तक्ते', 'फोटो' अशी वाटणी नको. मी कित्येक वर्षं तशी वाटणी करत होतो. एक काम सहकाऱ्याकडे सोपवताना पाच ठिकाणांहून फाईली गोळा केल्या, आणि तक्त्याची जुनी आवृत्ती त्याच्या हाती गेली. त्याने विश्वासाने तीच पुढे पाठवली. त्याची सल अजून आहे.

फोल्डरमध्ये 'पुढे काय' नावाची एक साधी टेक्स्ट फाईल ठेव. उठण्याआधी दोन ओळी लिही: कुठे थांबलो, उद्या पहिलं काय करायचं. लागणाऱ्या वेबपानांचे पत्तेही तिथेच उतरवून ठेव. माझ्या मते या सगळ्यात हीच सवय सर्वांत मोठी. दहा दिवसांनी परतलास तरी ती फाईल तुला हाताला धरून आत नेईल.

मग डेस्कटॉप. विंडोज १० किंवा ११वर विंडोज, कंट्रोल आणि डी एकत्र दाबलं की नवा डेस्कटॉप मिळतो. डीऐवजी डावा-उजवा बाण दाबून एकावरून दुसऱ्यावर जाता येतं. मॅकवर कंट्रोल आणि बाण. लिनक्सवर केडीई हा डेस्कटॉप असेल तर त्यातल्या 'ॲक्टिव्हिटीज', म्हणजे कामागणिक वेगळ्या मांडण्या, जरूर पाहा. पण संगणक बंद करून पुन्हा सुरू केल्यावर सगळ्या विंडो आपापल्या जागी येतीलच असं नाही, म्हणून भिस्त फोल्डरवर ठेव.

मेल आणि चॅट मात्र या शिस्तीत बसत नाहीत. त्यात सगळ्या कामांची सरमिसळ असते. त्यांना एक वेगळा डेस्कटॉप दे आणि ठरवून तिथे जा. एका वेळी चालू प्रोजेक्ट तीन-चारच ठेव. संपलेल्याचं अख्खं फोल्डर उचलून 'पूर्ण'मध्ये टाक.

आज फक्त अहवालाचं फोल्डर कर. जुन्या फाईली आवरायला बसू नकोस, नाहीतर आठवडा त्यातच जाईल आणि तिसरं प्रकरण तसंच राहील. पुढच्या वेळी बोलू तेव्हा 'पुढे काय' उघडून बस, तिथूनच सुरुवात करू.

तुझा,
सर