रानडुकरासाठी रायफल कोणती? आधी दुकानदाराचा नाद सोडा

प्रश्न (वाशीम, यवतमाळकडच्या शेतकऱ्यांचे, एकत्र करून): तुरीत रोही (नीलगायी) आणि हरभऱ्यात डुकरं धुमाकूळ घालतात. पीक संरक्षणासाठी शस्त्र परवाना काढतोय. एक दुकानदार म्हणतो पॉइंट 22 रायफल घ्या, स्वस्तात काम होते. दुसरा म्हणतो पॉइंट 315 शिवाय डुक्कर पडत नाही. कोणती घ्यावी?

उत्तर: दोन्ही नको.

पॉइंट 22 ची गोळी डुकराला लागते, पण ते मरत नाही. जखमी होऊन तुरीत शिरते आणि सकाळी वेचणीला निघालेल्या बाईच्या अंगावर येते. पॉइंट 315 ची गोष्ट उलटी. गोळी पंधरा ग्रॅमच्या वर, जनावर फोडून पुढे जाणारी. आपला शिवार सपाट, मागे टेकडी नाही. चुकलेली गोळी दोन-तीन किलोमीटरवरच्या गोठ्यात कोणाला लागेल, त्याचा हिशेब दुकानदार देणार नाही. त्याला माल खपवायचा आहे.

कायदाही रायफलकडे बोट दाखवत नाही. 1959 च्या शस्त्र कायद्यात पीक संरक्षणासाठी भरमार बंदूक, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू भरायची, सांगितली आहे. ती पुरत नाही असे परवाना अधिकाऱ्याला वाटले तर साध्या गुळगुळीत नळीची दुसरी. म्हणजे बारा बोर. तीसुद्धा माळ्यावर बसून, खाली जमिनीच्या दिशेने, तीसेक मीटरच्या आत, जनावर स्पष्ट दिसत असेल तरच. अंधारात हालचाल दिसली म्हणून चाप ओढू नका. जागलीला आलेला शेजारीही तसाच हालतो.

आणि शस्त्र परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नाही, हे दहादा सांगूनही लोक विसरतात. एप्रिल 2023 पासून रानडुक्कर आणि रोही दोन्ही वन्यजीव कायद्याच्या अनुसूची दोनमध्ये, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत आहेत. वन विभागाची लेखी परवानगी हातात नसेल तर गोळी झाडू नका. चितळ, काळवीट यांचे तर नावही काढू नका. ‘एअरगनला परवाना लागत नाही’ असे सांगणारा विक्रेता अर्धेच सांगतो: तिने जनावर मारले तरी तो वन्यजीव गुन्हाच. शिवाय डुकराला तिचे काही होत नाही. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करावी लागू शकते, आणि डुकरं काही आचारसंहिता पाळत नाहीत.

यापेक्षा वाईट सल्ले पानठेल्यावर मिळतात. थिमेट घालून पीठ ठेवा म्हणतात. थिमेट, म्हणजे फोरेट हे कीटकनाशक, 2020 च्या शेवटी बंद झाले. कोणी मागच्या दाराने देत असेल तर घेऊ नका. डुकरासाठी ठेवलेला गावठी बॉम्ब गाय चघळते. आणि तारेत थेट लाइनची वीज सोडू नका. सोडू नका! धुऱ्यावर स्वतःचाच माणूस चिकटतो. वाघ मेला तर किमान तीन वर्षे आत.

मी सांगतो ते करा. झटका मशीन बसवा, म्हणजे कुंपणाच्या तारेला जीव न घेणारा, क्षणभराचा झटका देणारी, तीही पीक उगवायच्या आत. डुकराला एकदा चव लागली की मग तार लावून तितका उपयोग नाही. सगळ्यात खालची तार जमिनीपासून वीतभर, कारण डुक्कर खालून घुसते. वरची पाच फुटांवर, रोह्यासाठी. विक्रेता मोठी, जास्त ताकदीची मशीन गळ्यात मारतो. मशीन मोठी नको, अर्थिंग पक्के हवे. काळी जमीन माघ-फाल्गुनात भेगाळते आणि झटका मरतो, म्हणून अर्थिंगच्या सळ्यांना पाणी घालत जा. खालच्या तारेला गवत टेकू देऊ नका.

हरभऱ्याभोवती चार-पाच ओळी करडईच्या घ्या, दाट. डुक्कर काट्यांतून तोंड घालत नाही आणि करडईही हाती लागते. फक्त बियाणे काट्याचेच घ्या. दुकानात नारी-6 ही करडईची जात पुढे करतील. ती बिनकाट्याची, इथे कामाची नाही. हरभऱ्याच्या आधी पेरा. घाटे भरल्यावर करडई टोचून काय होणार?

सौर कुंपणाला जन-वन विकास योजनेत अनुदान आहे. गाव यादीत आहे का ते वनरक्षकाला विचारा. नुकसान झाले तर तीन दिवसांत अर्ज द्या, पंचनामा होईपर्यंत उखडलेली ओळ तशीच राहू द्या, वखर घालू नका.