पेटीत मध आहे, राणी आहे, माश्या मात्र संपल्या: रोग कोणता आणि चौकटींचं काय करायचं?

तुमची मेलिफेराची (युरोपियन मधमाशीची) वसाहत हंगामात जोरात होती, पाच-सहा आठवड्यांत आटली. आता मूठभर माश्या, राणी आणि भरलेला मध उरलाय. रोग असता तर मेलेल्या माश्यांचा खच पडला असता, असं तुम्ही म्हणता. आणि पोळ्याच्या या चौकटी शेजारच्या पेटीला द्याव्यात का, हा खरा प्रश्न.

खच पडेलच असं नाही. बऱ्याच आजारी माश्या बाहेर जातात आणि परत येत नाहीत. गणित साधं आहे. राणी रोज १,००० अंडी घालतेय आणि कामकरी माशी ४० दिवस जगतेय, तर पेटीत ४०,००० माश्या टिकतात. आयुष्य २५ दिवसांवर आलं की राणी तितकीच अंडी घालत असूनही २५,०००च उरतात. पुढे आणखी बिघडतं: पराग-मकरंद आणणाऱ्या कमी पडल्या की अळ्या सांभाळायच्या वयातल्या माश्याच कामाला बाहेर पडतात आणि लवकर मरतात. अळ्यांना ऊब आणि खाणं कमी, म्हणून पुढची फळी आणखी तोकडी. राणीचा यात काही दोष नसतो, पण लोक आधी तिलाच बदलतात.

तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय वरोआवर. हा माश्यांवर जगणारा बारीक कोळी (माइट) पोळ्याच्या बंद घरातल्या कोषावर वाढतो, माशीच्या शरीरातली चरबीची ऊती खातो आणि जाता जाता पंख वाकवणारा विषाणू टोचतो. विषाणू नवा नाही. कोळ्याशिवायही वसाहतींत असतो, तेव्हा बहुधा गप्प असतो. हवाई बेटांवर वरोआ पोचल्यावर तिथल्या वसाहतींत हा विषाणू दहातल्या एका-दोघींवरून जवळपास सर्वत्र पसरला आणि त्याच्या अनेक वाणांपैकी एकच वरचढ झाला. कोळ्याने विषाणूला रक्तात जायची थेट वाट दिली, नुकसान त्यातून आहे.

सातेरीत, म्हणजे आपल्या देशी मधमाशीत, हाच कोळी पिढ्यान्‌पिढ्या राहतो, पण तिथे तो मुख्यतः नरांच्या घरांत वाढतो, म्हणून कामकरी फळी शाबूत राहते. सातेरीचा घात वेगळ्या रोगाने होतो, थाई सॅकब्रूड या अळ्या मारणाऱ्या विषाणूने. १९९० च्या दशकात दक्षिण भारतात त्याने बहुतेक पाळीव वसाहती संपवल्या.

आता चौकटी उजेडात धरा. रिकाम्या ब्रूडच्या (अळ्या-कोषांच्या) घरांच्या छताला पांढरे कण चिकटलेले दिसले तर ती वरोआची विष्ठा. तेवढंच असेल तर काळजी कमी, कारण माश्यांशिवाय कोळी काही दिवसांतच मरतो. पण घराच्या खालच्या भिंतीला काळपट, खरवडूनही न निघणारी खपली असेल, किंवा टोपण खचलेल्या घरात काडी घालून ओढल्यावर तपकिरी तार निघत असेल, तर तो अमेरिकन फाउलब्रूड, अळ्यांचा जिवाणूंमुळे होणारा रोग. त्याचे बीजाणू दशकानुदशकं जिवंत राहतात, प्रतिजैविकाने मरत नाहीत. अशा चौकटी जाळायच्या, मध कितीही असो. युरोपियन फाउलब्रूडची खपली सहज सुटते, आणि तो बळकट वसाहतीत पुष्कळदा आपोआप ओसरतो.

निकाल लागेपर्यंत पेटीचं दार बंद करा, हे आजच करा. कमजोर पेटीवर शेजारच्या माश्या मध लुटायला येतात आणि कोळी, बीजाणू घरी घेऊन जातात. रानात वसाहती एकमेकींपासून लांब असतात. आपण त्या हाताच्या अंतरावर मांडतो, त्यामुळे यजमानाला लवकर मारणारा रोगसुद्धा टिकून राहतो. माझ्या मते एवढ्या जवळ पेट्या मांडणं हीच आपल्या छंदातली सगळ्यात महागडी सोय आहे.

शेजारच्या पेटीतून ब्रूडवरच्या अर्धा कप माश्या, म्हणजे साधारण ३००, जाळीच्या बरणीत घ्या (राणी नाही ना, बघून!). पिठीसाखर टाकून हलवा, कोळी मोजा. नऊपेक्षा जास्त पडले, तर शंभरामागे तीनची मर्यादा ओलांडली. उपचार आता करा, पुढच्या हंगामाची वाट बघू नका. खपलीचा फोटो टाकलात तर मी बघतो.