स्वतंत्र कॉमिक्स मॅगझिन काढणाऱ्या संपादकाचं करिअर नेमकं कसं असतं?

मला विचाराल तर फ्रांस्वाज मूली यांचं करिअर बघा. पॅरिसमध्ये आर्किटेक्चर शिकत होत्या, ते सोडून १९७४ला न्यूयॉर्कला आल्या, आणि पुढे राहत्या घरातच छपाईचं मशीन आणून ते चालवायला शिकल्या. १९८०मध्ये आर्ट स्पीगलमन या नवऱ्याबरोबर 'रॉ' हे कॉमिक्स मॅगझिन सुरू केलं. पहिले आठ अंक मोठ्या आकाराचे, शेवटचे तीन लहान, १९९१पर्यंत एकूण फक्त ११ निघाले, पण काय अंक होते! सातव्या अंकाच्या प्रत्येक प्रतीच्या कव्हरचा कोपरा हाताने फाडला आणि दुसऱ्याच प्रतीचा फाटका तुकडा आत टेपने चिकटवला, म्हणजे हजारो प्रती आणि एकही दुसरीसारखी नाही. स्पीगलमन यांचं 'माउस' हे कॉमिक आधी याच मॅगझिनमध्ये छोट्या पुस्तिकेच्या रूपात क्रमशः आलं, त्याला १९९२ला पुलित्झर मिळालं.

पैशाचं म्हणाल तर त्या न्यूयॉर्कच्या सोहो भागाचा नकाशा जाहिराती घेऊन छापायच्या, त्यातून 'रॉ'चा बराच खर्च निघायचा. १९९३पासून 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकाच्या आर्ट एडिटर, आणि २००८मध्ये लहान मुलांच्या कॉमिक्ससाठी 'टून बुक्स' ही प्रकाशनसंस्था काढली. संपादकाने स्वतः शाईत हात घातलेला असला की अंक हातात घेताच कळतं, म्हणून मला त्या फार मोठ्या वाटतात.